शिक्का कुठे मारू

काउंटरच्या काचेवर तो फोन ठेवतो, उताणा,
म्हणतो, "मॅडम, डॉक्टरनी लिहून दिलंय, बघा."
पावणेअकरा. पंतनगरचं आमचं दुकान,
शटर अर्धं खाली,
गाला शेठ गल्ल्यातल्या दहाच्या नोटा सरळ करत बसलेले.

मी दोन बोटांनी अक्षरं मोठी करते.
पूर्वी अक्षर लागायचं नाही म्हणून डोळे ताणायचो.
आता अक्षर लख्ख आहे
आणि माणूसच लागत नाही.

सही आहे: निळी, तिरकी, चिकटवलेली.
नोंदणी क्रमांक आहे, कुठल्या राज्याचा ते नाही.
ट्रॅमाडॉल, दिवसातून तीनदा, गोळ्या तीस.
पेशंट सुलभा कांबळी, वय एकाहत्तर.
"आई," तो म्हणतो. "हाडात गेलंय."

कागद असता
तर घड्या पडल्या असत्या,
पाठीमागे कुणी दुधाचा हिशोब केला असता.
औषध दिलं की मी त्यावर दणकन शिक्का मारते: दिले.
खाली दुकानाचं नाव, तारीख.
मग तो कागद दुसरीकडे चालत नाही.
काचेवर शिक्का कुठे मारू?
हाच फोन अर्ध्या तासाने
स्टेशनसमोरच्या दुकानात उताणा पडेल,
मग पूल ओलांडून पश्चिमेला.
तिसाच्या नव्वद होतील
आणि प्रत्येक काउंटरवर ती पहिलीच वेळ असेल.

गेल्या वर्षी इन्स्पेक्टर आले, पंखा बंद करायला लावला,
रजिस्टरची पानं उडत होती म्हणून.
एका ओळीवर बोट ठेवलं. अक्षर माझंच.
"या डॉक्टरांना ओळखता?"
नाही.
"पेशंट पाहिला होता?"
नाही.
"मग पाहिलंत काय?"
फोन, मी म्हटलं.
तो नंबर निघाला एका दातांच्या डॉक्टरचा,
वारून चार वर्षं झालेली.
मेलेला माणूस माझ्या रजिस्टरात
सात जणांना झोपेच्या गोळ्या लिहून गेला होता.

लायसन शेठचं.
भिंतीवरच्या चौकटीत मात्र मी:
नीलाक्षी तांडेल, नोंदणीकृत फार्मासिस्ट,
बाविसाव्या वर्षीचा फोटो, दोन वेण्या.
नोटीस त्या मुलीच्या नावाने आली.
शेठ म्हणाले, "तुला द्यायला सांगितलं कोणी?"
त्यांनीच. पण त्याची नोंद नाही.

"दादा, हे औषध व्हिडिओवर बघून लिहिता येत नाही.
डॉक्टर खरा असला तरी नाही."
"म्हणजे मी खोटा?"
"तसं नाही म्हटलं."
पण मी त्याच्या बोटांकडे बघत होते, थरथरतात का,
डोळ्यांकडे, बुबुळं कशी आहेत,
आणि त्याला ते कळलं.

चिठ्ठीवरचा नंबर लावला.
एक मुलगी हिंदीत सांगू लागली
की कार्यालयाची वेळ नऊ ते सहा आहे.
दुखण्याची वेळ तिला कुणी सांगितलेली नसावी.

"राजावाडीला जा. कॅज्युअल्टीत कुणीतरी असेल,
कागदावर लिहून आणा, शाईने.
मी थांबते."
त्याने फोन उचलला.
काचेवर बोटांचे ठसे राहिले, चार, आणि एक अंगठा.

मी थांबले. शेठ कुरकुरले, गेले, चावी ठेवून गेले.
बारा. साडेबारा.
ट्रॅमाडॉलच्या खोक्यापाशी दोनदा जाऊन आले.
तो आला नाही.
खोटा असेल तर कुठल्यातरी शटरखालून मिळालं असेल त्याला.
खरा असेल तर

रजिस्टर उघडलं.
तारीख. पेशंट. डॉक्टर. औषध. किती.
तीन वर्षं जपायचं असतं हे,
कोणी विचारलं तर दाखवायला.
सुलभा कांबळी, मी पेन्सिलीने लिहिलं,
आणि रकाने मोजत राहिले.
जे दिलं नाही ते लिहायला
जागाच ठेवलेली नाही कुणी.